पौषातली जेजुरी

या वर्षी पहिल्या सत्रात इतिहासाच्या सरांनी आम्हा सर्वांना एक काम दिले. "आपापल्या कुलदैवताच्या देवळाचा इतिहास लिहून आणा. शिलालेख, मानकरी, वर्षातले उत्सव, यात्रा, जे मिळेल ते लिहा. पुस्तकात आहे ते लिहाच, पण पुस्तकात नाही तेही लिहा." शेवटचे वाक्य सर दारातून बाहेर पडता पडता म्हणाले. बहुतेकांच्या ते कानांवर पडलेच नाही. माझ्या पडले आणि मी ते मुद्दाम विसरलो.

आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. चार दिवस ग्रंथालयात बसून मी बारा पाने लिहिली. समास आखला, अक्षर नीट काढले, शीर्षकाखाली दुहेरी रेघ ओढली. आठ दिवसांनी वही परत आली. शेवटी 'चांगले' असा शेरा होता आणि मध्ये एके ठिकाणी समासात लाल शाईने एकच प्रश्न होता. यात्रांच्या यादीत मी लिहिले होते : 'पौष पौर्णिमेस जेजुरीस यात्रा भरते.' त्यासमोर सरांनी विचारले होते : 'या यात्रेचे वैशिष्ट्य काय?'

वाचून माझी कानशिले तापली. कारण उत्तर मला ठाऊक होते. वर्गातल्या साठ-सत्तर मुलांत ते कदाचित मला एकट्यालाच ठाऊक असेल.

त्या बारा पानांत काय होते ते आधी सांगतो. जेजुरी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात. पुण्याहून सुमारे पन्नास किलोमीटर. खंडोबाची तिथे दोन ठाणी आहेत. उंचावरचे कडेपठार हे जुने आणि खालच्या टेकडीवरचा गडकोट हा त्यानंतरचा. म्हातारपणामुळे एका भक्ताला कडेपठार चढवेना, म्हणून देवच खाली उतरून आला, असे सांगतात. गडकोटाला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. लोक मात्र 'नवलाख पायरी' म्हणतात आणि चढताना गुडघ्यांनाही तसेच वाटते! वर भक्कम तट, ओवऱ्या, दगडी दीपमाळा आणि देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेले भलेमोठे कासव. त्या कासवाभोवती उभे राहून लोक तळी भरतात, भंडारा उधळतात आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर करतात. १६३७ सालच्या लेखात राघो मंबाजी या भक्ताने केलेल्या बांधकामाची नोंद आहे. पुढे अठराव्या शतकात होळकरांनी गडाला आजचे रूप दिले. धनगर घराण्यातले होळकर आणि मल्हारी त्यांचा देव; मल्हाररावांचे नावही त्याचेच. मल्हारराव, अहिल्याबाई, तुकोजी अशा पिढ्यांनी तिथे काही ना काही बांधले. पायथ्याचा एक तलाव होळकरांच्या नावाने ओळखला जातो, तर दुसरा पेशव्यांच्या.

देव कोणाचा, हेही मी लिहिले होते. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणारा हा मार्तंडभैरव म्हणजे शंकराचा अवतार. पण त्याचे दरबारी पाहिले, तर सगळा महाराष्ट्र दिसतो. पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची, प्रधान हेगडी. मराठे, ब्राह्मण, धनगर, रामोशी, कोळी सगळ्यांचा हा कुलस्वामी. काही मुसलमान त्याला मल्लूखान म्हणतात. म्हाळसा वर गडावर देवापाशी, तर बाणाईचे देऊळ डोंगराच्या अर्ध्या वाटेवर. तिच्यासाठी देवाने तिच्या बापाच्या घरी चाकरी केली, मेंढरे राखली, अशी कथा आहे.

आणि उत्सव! ते लिहिताना माझी लेखणी अगदी धावत होती. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देवाचे नवरात्र बसते आणि चंपाषष्ठीला उठते. त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य. ज्या घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते, तिथे ते त्या दिवसापासून पुन्हा खातात. सोमवारी अमावास्या आली की सोमवती. देवाची पालखी गड उतरून कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. वाटेवर इतका भंडारा उधळतात की रस्ता, माणसे, झाडे सगळे पिवळे होऊन जाते. दसऱ्याच्या रात्री गडाची पालखी आणि कडेपठारची पालखी दोन डोंगरांमधल्या दरीत रमण्यात भेटतात. दुसऱ्या दिवशी खंडा उचलण्याची स्पर्धा. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी वाहिलेली ती तलवार ४२ किलो वजनाची आहे. गडी ती एका हाताने तोलून धरतात. कोणी दातांनी उचलून दाखवतात. माघ पौर्णिमेला मानाच्या शिखरी काठ्या येतात, संगमनेरकडची होलमांची आणि सुप्याच्या खैऱ्यांची. नवी जोडपी वर्षभर येतात आणि नवरा नवरीला उचलून घेऊन पाच पायऱ्या तरी चढतो.

हे सगळे खरे आहे. पण या सगळ्यात मी कुठेच नव्हतो. दसऱ्याला आम्ही जेजुरीला कधी गेलो नाही, सोमवतीला नाही, चंपाषष्ठीलाही नाही. ते दिवस कामाचे. आमच्या घरची जेजुरी म्हणजे पौषातली जेजुरी. पौष पौर्णिमेला तिथे गाढवांचा बाजार भरतो. तेच त्या यात्रेचे वैशिष्ट्य. आणि तेच मी लिहिले नव्हते.

आम्ही वडार. त्यातले माती वडार. बारामती तालुक्यात नीरेच्या खोऱ्यात एका गावाबाहेर आमची वस्ती आहे. विहिरी खणणे, ताली बांधणे, माती-मुरूम-वाळू वाहणे हा आमचा पिढीजात धंदा आणि त्या धंद्याची चाके म्हणजे गाढवे. घरात आमची बोली वेगळी, तेलुगूशी नाते सांगणारी. शाळेत पोरगा अडू नये म्हणून आण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी मात्र मुद्दाम मराठीत बोलत आले. त्यांना सही करता येते. आई अंगठा उठवते. वस्तीवरून कॉलेजात आलेला मी पहिलाच.

मी सात वर्षांचा असताना आण्णांनी मला पहिल्यांदा जेजुरीला नेले. तेव्हा आमच्याकडे अकरा जनावरे होती. त्यातली तीन म्हातारी विकायची आणि दोन तरणी घ्यायची होती. पहाटे निघून जनावरे हाकत आम्ही नीरा ओलांडली आणि संध्याकाळी वाल्ह्याच्या बाहेर मुक्काम केला. आईने दिलेली बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. पौषातली थंडी अशी की मी दोन गाढवांच्या मधे जाऊन निजलो. त्यांच्या पोटाची ऊब अजून आठवते. दुसऱ्या दिवशी दौंडजची खिंड चढून वर आलो, तेव्हा आण्णांनी बोट करून दाखवले, "त्यो बघ, देवाचा डोंगर." मी हात जोडले. मग पाहिले, तर त्या डोंगराच्या पायथ्याशी नजर पुरेल तिथवर गाढवेच गाढवे!

बाजार म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण. राखाडी, तांबडी, पांढरी, ठिपक्यांची गाढवे. आपली गावठी बुटकी, काटक. काठेवाडातून आलेली उंच, उजळ रंगाची, कान ताठ. त्यांच्या मधून फिरणारी वैदू, कैकाडी, बेलदार, कोल्हाटी, घिसाडी, परीट, कुंभार आणि आम्ही वडार. प्रत्येकाचे फेटे वेगळे, बोली वेगळी. पण जनावराचा जबडा उघडून दात बघण्याची रीत एकच. दातांवरून वय ठरते आणि वयावरून किंमत. दूधदात असलेले कोवळे, दोनदाती, चारदाती आणि सगळे दात आलेले अखंड. मग पाठ बघायची, कुठे जुनी जखम आहे का. मग खूर. मग थोडे चालवून पाहायचे. किंमत मोठ्याने कोणी बोलत नाही. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात आणि बोटे दाबून आकडा सांगितला जातो. जमले की इसार देतात, जनावराच्या कपाळाला भंडारा लावतात आणि 'येळकोट' म्हणतात. सौदा पक्का. कागद नाही, साक्षीदार नाही. देव समोरच्या डोंगरावर बसलेला आहे, तोच साक्षीदार.

त्याच दोन-तीन दिवसांत सोयरिकी जुळतात, वर्षभराची सुखदुःखे सांगून होतात. एरवी चार जिल्ह्यांत पांगलेली माणसे पौषात तिथे भेटतात. पूर्वी जातपंचायतीही बसत, असे म्हातारी माणसे सांगतात. त्यांतले सगळेच गोड नव्हते. दंड, वाळीत टाकणे हेही तिथेच चाले आणि त्याचा सर्वांत जास्त जाच बायकांना होई. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने २०१६ मध्ये कायदा संमत केला, हे बरेच झाले. आमच्या यात्रेचे वर्णन करताना तेवढे झाकून ठेवावे, असे मला वाटत नाही.

सात वर्षांच्या मला मात्र यातले काही कळत नव्हते. मला एवढेच कळत होते की आण्णा तिथे कोणीतरी मोठे आहेत. गावात ज्यांना पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून बोलावे लागे, त्यांना इथे लोक हाक मारून बोलावत होते. "ह्या जनावराचे दात बघा जरा," म्हणत होते. आण्णांनी 'चारदाती' म्हटले, की पलीकडचा वाद घालत नसे.

मग हे लिहायला काय झाले होते?

कारण मराठीत 'गाढव' ही शिवी आहे. गाढवाला गुळाची चव काय, अडला हरी गाढवाचे पाय धरी, गाढवापुढे वाचली गीता! शाळेत एक मास्तर पाढा चुकला की मला विचारायचे, "घरचं एक कमी पडलं म्हणून तुला पाठवलं का रे?" वर्ग हसायचा. मीही हसायचो, न हसून सांगता कोणाला? दहावीनंतर मी ठरवले की आता हे नाव आपल्यामागे येऊ द्यायचे नाही. या महाविद्यालयात आलो तेव्हा वसतिगृहातल्या मित्रांनी विचारले, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "बांधकामाची कामं घेतात." ते खोटे नव्हते. खरेही नव्हते.

प्रथम वर्षाला असताना एका तासाला गधेगळ शिकवला. शिलाहार-यादवांच्या काळात दानपत्राच्या दगडावर गाढव कोरीत आणि जो हे दान मोडील त्याला त्या गाढवावरून घाणेरडी शापवाणी असे. वर्गात खसखस पिकली. मी मान खाली घालून वहीत तारखा उतरवीत राहिलो. हजार वर्षांपूर्वीच्या दगडावरसुद्धा आमचे जनावर शिवी म्हणूनच उभे आहे, असे तेव्हा वाटले. आज वाटते, जे राजे ते गाढव कोरवून घेत होते, त्यांच्या देवळांना चुना-वाळू काय हत्तीवरून गेली असेल?

मधल्या वर्षांत आमची अकरा जनावरे कमी होत गेली होती. विहीर आता यंत्र खणते. माती डंपर उचलतो. वाळूच्या उपशावर बंधने आली. आमच्याच घरी असे झाले असे नव्हे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट. आकडे मी ग्रंथालयात वाचले, तेव्हा मला आमच्या झोपडीमागचे मोकळे खुंटे दिसले.

गेल्या वर्षी पौष पौर्णिमा १३ जानेवारी २०२५ ला होती. माझे खाणावळीचे आणि खोलीचे मिळून चौदा हजार रुपये थकले होते. शिष्यवृत्ती यायची होती, आली नव्हती. मी घरी काही कळवले नव्हते, पण गावचा एक मुलगा सुट्टीला गेला आणि बोलून गेला. दोन दिवसांनी शेजाऱ्याच्या फोनवरून आण्णांचा निरोप आला : "पुनवंला जेजुरीला ये."

मी एस.टी.ने गेलो. आण्णा शेवटची दोन जनावरे घेऊन एकटेच चालत आले होते. ढवळी आणि बांड्या. ढवळी आमच्याच दारात जन्मलेली; लहानपणी मी तिच्या पाठीवर बसून ओढ्यावर जात असे. तिने मला ओळखले. मान पुढे करून माझ्या शर्टाच्या खिशाला नाक लावले. तो कॉलेजात घालायचा पांढरा शर्ट होता आणि मी एक पाऊल मागे सरलो. आण्णांनी ते पाहिले. बोलले काहीच नाहीत.

बाजार पूर्वीच्या मानाने विरळ वाटला. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइके आली. एका वीटभट्टीवाल्याचा आकडा सर्वांत मोठा होता. आण्णांनी रुमालातून हात काढून घेतला. मग भोरकडचा एक माणूस आला. डोंगरातल्या वाड्यांवर, जिथे गाडी जात नाही, तिथे घरकुलांची वाळू-सिमेंट वाहायला त्याला जनावरे हवी होती. दोन्हींचे मिळून तेवीस हजार ठरले. भट्टीवाल्याहून दोन हजार कमी. मी म्हणालो, "आण्णा, दोन हजार म्हंजे माझी एका महिन्याची खाणावळ." ते म्हणाले, "भट्टीवर पाठ सोलून निगती त्यांची. तुझ्या जेवणापायी तिची पाठ कशाला?" त्यांनी दोघांच्या कपाळाला भंडारा लावला, गळ्यातली दावी सोडून खांद्यावर टाकली आणि नव्या धन्याने आपली दावी बांधली. ढवळी दोनदा थांबली. मग गेली.

पैसे मोजून झाल्यावर आण्णा म्हणाले, "चल, देवाला सांगून येऊ."

गड चढताना मला काही बोलायला सुचेना. म्हणून मी माझे पुस्तकी ज्ञान बाहेर काढले. राघो मंबाजी सांगितला, होळकर सांगितले. आण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी पैसं त्यांनी दिलं. चांगलं केलं. पैसं दिल्याबिगर कोण वाहील एवढा दगूड?" मला वाटले होते, ते रागाने काही बोलतील. पण त्यांच्या आवाजात कामाचा हिशेब होता, दुसरे काही नव्हते. बाणाईच्या देवळापाशी ते टेकले. पायरीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "ह्यो दगूड गाढवावर येत न्हाई. ह्यो गाड्यानं आन् मान्सानं आणला. पर ह्येच्याखालचा मुरूम, सांध्यातला चुना, वाळू, कालवायला पाणी, त्ये समदं गाढवानंच वर आलं असंल. एवढ्या चढाला दुसरं कोण येतंय?" मग बोटाने छिन्नीच्या खुणा दाखवल्या. इथे उजव्या हाताचा गडी होता, इथे डावखुरा. इथे घाई झाली होती. मी तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या खुणा पाहत राहिलो. या पायऱ्या मी अनेकदा चढलो होतो. वाचल्या कधीच नव्हत्या. शिलालेख वाचायला मी शिकत होतो, पण या गडावर सगळीकडे दुसरेही काही कोरलेले होते आणि ते वाचणारा माणूस माझ्या शेजारी बसून विडी शोधत होता.

वर गेलो. कासवापाशी भंडारा उधळला. देवासमोर आण्णा बराच वेळ उभे राहिले. काय बोलले, मला माहीत नाही.

संध्याकाळी स्थानकावर त्यांनी मला चौदा हजार मोजून दिले, वर पाचशे हातखर्चाला. स्वतःसाठी गाडी पकडायला ते तयार होईनात. "चालत जातो, सवय हाय," म्हणाले. एस.टी. सुटली तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. खांद्यावर दोन दावी टाकून आण्णा रस्त्याच्या कडेने चालले होते आणि चार-दहा पावलांवर सवयीने मागे वळून बघत होते, जनावरे येतात की नाही ते. मागे कोणीच नव्हते.

आमच्यात एक म्हण आहे, गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. आमच्या घरात ओझे ओढणाऱ्यांनी ओढले. शिंगराला मात्र त्यांनी हेलपाटासुद्धा घालू दिला नाही. आणि त्याच शिंगराने सात महिन्यांनी, त्याच पैशांनी भरलेल्या खाणावळीत जेवून, ग्रंथालयात बसून लिहिले : 'पौष पौर्णिमेस जेजुरीस यात्रा भरते.' पूर्णविराम.

सरांचा लाल शाईचा प्रश्न कित्येक महिने माझ्या वहीत तसाच राहिला. उत्तर लिहायला बसायचो आणि वही मिटायचो.

यंदा पौष आला तेव्हा मीच आण्णांना विचारले, "जेजुरीला जायचं का?" ते म्हणाले, "इकायला काय हाय आता?" मी म्हणालो, "विकायला नाही, बघायला." आम्ही दोघे गेलो. मी वही बरोबर घेतली होती. कोण कुठून आले, जनावरे किती, काय काम करतात, पोरे शाळेत जातात का, असे विचारत फिरलो. लोक आधी बिचकले. सरकारी माणूस समजून एकाने तर नाव सांगायचेच नाकारले. मग मी म्हणालो, "मी वडाराचा, ते आण्णा माझे वडील." हे वाक्य इतक्या मोठ्याने मी कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच बोललो. मग मात्र सगळे बोलले. कोणी चहा पाजला. एका तरण्या कैकाड्याने आण्णांना हाताला धरून नेले, "काका, ह्याचे दात बघा, मालक दोनदाती म्हणतोय." आण्णांनी जबडा उघडला, क्षणभर पाहिले आणि हसून म्हणाले, "चारदाती हाय. मालकाला नीट मोजायला सांग." सगळे हसले, मालकही हसला आणि त्याने किंमत उतरवली.

परतताना आण्णांनी विचारले, "एवढं काय लिव्हत व्हतास?"

"सरांनी विचारलंय. ह्या यात्रेचं वैशिष्ट्य काय, म्हणून."

आण्णा बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "त्यास्नी म्हनावं, येऊन बघा येकदा. पर लवकर या. गाढवं कमी व्हत चालल्यात."

सर, उत्तराला उशीर झाला. पण जो देव बाणाईसाठी मेंढरे राखतो, त्याच्या दारात वर्षातली एक पौर्णिमा गाढवांसाठी आणि त्यांच्या मागे चालणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेली आहे. त्या पौर्णिमेवर माझे दोन वर्षांचे शिक्षण चालले आहे. माझ्या बारा पानांत हे तेरावे पान जोडून घ्यावे, ही विनंती.

— द्वितीय वर्ष, कला